भावातला फरक आणि यंत्रातला फरक

ऑगस्ट २०२५ मध्ये ई२० पेट्रोलवरून देशभर वाद पेटला. एका गटाचं म्हणणं होतं की वीस टक्के इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांची इंजिनं खलास होतील. दुसऱ्या गटाच्या मते या मिश्रणावर शंका घेणं म्हणजे ऊस उत्पादक शेतकऱ्याच्या ताटात माती कालवणं. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका फेटाळली. वाद मात्र मिटला नाही, त्याने फक्त वाट बदलली: मग इलेक्ट्रिक घ्या, सीएनजी बसवा, हायब्रिड बघा, हायड्रोजन येतोय तोवर थांबा. खरं तर मुंबईत २९ मे २०२१ रोजी पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हापासून हीच चर्चा चालू आहे. (परभणीकरांनी ती शंभरी आधीच पाहिली होती, कारण मनमाडजवळच्या डेपोतून तिथे पोचायला टँकरला तीनशेहून जास्त किलोमीटर तोडावे लागतात आणि ते भाडं लिटरवर चढतं.) या सगळ्या चर्चेत प्रत्येक जण आजचा पंपावरचा भाव हातात घेऊन उद्याची गाडी निवडायला निघतो. तो भाव कशामुळे कमी आहे आणि किती वर्षं तसा राहील, हे विचारायचं राहूनच जातं.

एखादं इंधन पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं त्याला दोन कारणं असू शकतात. पहिलं कारण सरकारी असतं: कर कमी, अनुदान जास्त, स्वस्त देशी मालाचा राखीव वाटा. दुसरं कारण यंत्रात असतं: तेवढ्याच ऊर्जेत ते यंत्र जास्त किलोमीटर काढतं. सरकारी फरक एका अधिसूचनेने नाहीसा होऊ शकतो आणि गाडी तर पंधरा वर्षांसाठी घेतलेली असते. यंत्रातला फरक असा रातोरात जात नाही. म्हणून पेट्रोल महागलं की पर्याय निवडताना कर आणि सवलती बाजूला काढून मगच हिशेब करावा आणि सरकारनेही आपला पैसा यंत्रातला फरक वाढवण्यावर लावावा, भावातला फरक फुगवण्यावर नव्हे, असं माझं ठाम मत आहे. या कसोटीवर आज गाजणाऱ्या पर्यायांची क्रमवारी बरीच बदलते.

हा धडा आपण एकदा महाग किंमत मोजून शिकलो आहोत. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे तसेच बांधलेले राहिले. २०१२ च्या मध्यापर्यंत दोन्हींत लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास अंतर पडलं आणि देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होऊ लागल्या. महिन्याला पाचशे किलोमीटरसुद्धा न चालवणाऱ्यांनी लाख-सव्वा लाख रुपये जास्त मोजून डिझेल गाड्या घेतल्या. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडं थोडं वाढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर बंदीचा आदेश दिला. एप्रिल २०२० मध्ये धुराचे कडक निकष, म्हणजे बीएस-६, लागू झाले आणि देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने डिझेल इंजिन बनवणंच सोडून दिलं. दहा वर्षांत चक्र पूर्ण फिरलं. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त मायलेज देतं, हा यंत्राचा गुण तेव्हाही होता आणि आजही आहे. तो कुठे गेला नाही. गेला तो सरकारने धरून ठेवलेला तीस रुपयांचा फरक, आणि बहुतेकांनी गाडी त्याच्याच जोरावर घेतली होती.

बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक अडचण आली. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, अधूनमधून स्वतःला तापवून ती काजळी जाळतो. त्यासाठी इंजिन गरम असताना सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालावं लागतं. घर ते शाळा, शाळा ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, मालक दुर्लक्ष करतो, गाडीची ताकद पडते आणि शेवटी फिल्टर उतरवून साफ करण्याची किंवा बदलण्याची वेळ येते. रोज हायवेवर धावणाऱ्याला हा त्रास जवळपास होतच नाही. एकच यंत्र एकाला परवडतं आणि दुसऱ्याला बुडवतं ते वापरामुळे, हे पुढच्या प्रत्येक पर्यायाबाबत लक्षात ठेवायला हवं.

आता सीएनजी. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. दिल्लीच्या बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशानंतर सीएनजीवर आल्या आणि २००२ च्या अखेरीस हे स्थित्यंतर पूर्ण झालं. त्या धुराच्या दिवसांत याहून जलद उपाय कुठलाच नव्हता. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी डिकीत सिलिंडर आणि सामान टपावर अशी वर्षानुवर्षं सेवा दिली. हिशेबही सोपा आहे. शहरात लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी पेट्रोल १०४ रुपये धरल्यास किलोमीटरला जवळपास ७ रुपये खाते. तीच गाडी सीएनजीवर किलोला २२ किलोमीटर जाते. गॅस ८० रुपये धरला तर खर्च ३ रुपये ६० पैसे. कंपनीने बसवलेल्या सीएनजीसाठी ९५ हजार रुपये जास्त पडले तरी २९-३० हजार किलोमीटरमध्ये वसूल. रोज ८०-१०० किलोमीटर चालवणाऱ्याला याहून सरळ सौदा कुठला?

पण हा फरक येतो कुठून? इंजिन तेच आहे. उलट गॅसवर त्याची ताकद दहा टक्क्यांच्या आसपास कमीच होते. फरक सगळा भावात आहे आणि भाव दोन गोष्टींवर टेकलेला आहे: देशी गॅसचा स्वस्त दरातला वाटा आणि राज्याचा कर. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि मुंबईत गॅस किलोला ६० रुपयांवर आला. त्याच दिवशी देशी गॅसचा सरकारी दर (गॅस ज्या ऊर्जेच्या मापाने विकला जातो त्या दहा लाख बीटीयूमागे) २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर झाला, ऑक्टोबरमध्ये ८.५७. देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस जहाजाने द्रवरूपात येतो आणि युक्रेन युद्धामुळे त्याचे भाव आधीच भडकले होते. ऑगस्ट उजाडेपर्यंत मुंबईतला सीएनजी ८६ रुपयांवर पोचला होता. चार महिन्यांत सव्वीस रुपये. एप्रिल २०२३ मध्ये, गॅसच्या दराची पद्धत तपासणाऱ्या किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर, देशी गॅसच्या दराला साडेसहा डॉलरचं छत घातलं गेलं आणि भाव काहीसे सावरले. तेही सरकारनेच केलं. सरकारने दिलेलं सरकार काढूनही घेऊ शकतं: २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात खाजगी सीएनजी मोटारींवरचा वाहनकर एक टक्क्याने वाढलाच.

सीएनजी घेणाऱ्याने आणखी काही गोष्टी हिशेबात धराव्यात. ६० लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने आठ-नऊ किलो गॅस मावतो, तोही पंपावर पूर्ण दाब असेल तरच. संध्याकाळी रांग वाढली की दाब उतरतो आणि टाकी पाऊण भरते. जिथे पाइपलाइन पोचलेली नाही तिथे गॅस सिलिंडरांच्या ट्रकमधून येतो, ट्रक रिकामा होत जाईल तसा दाबही घसरतो. कोकणात आणि मराठवाड्यात हा अनुभव नवा नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, करावी लागते. बाहेरून किट बसवलं तर आरसी बुकात नोंद आणि विमा कंपनीला कळवणं आवश्यक, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो. पेट्रोलच्या टाकीत निदान पाच लिटर पेट्रोल कायम ठेवावं, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. ‘गॅस आहे ना, पेट्रोल कशाला’ म्हणणाऱ्यांचे पंप जळतात ते याचमुळे. आणि संपूर्ण शहर एका वाहिनीवर विसंबलेलं असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बे भागात मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबईच्या रिक्षा-टॅक्सी पंपांसमोर खोळंबून राहिल्या. ज्यांच्याकडे पेट्रोलवर चालायची सोय होती ते निदान घरी पोचले.

इथेनॉलबाबत तर बोलण्याची दिशाच चुकली आहे. त्याच्या समर्थकांचे मुद्दे हलके नाहीत. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक आयात होतं. डिस्टिलरी असलेल्या साखर कारखान्यांना इथेनॉलचे पैसे लवकर मिळतात आणि उसाची थकबाकी फिटायला त्याची मदत होते. इथेनॉलचा ऑक्टेन अंकही, म्हणजे अवेळी न पेटता इंजिनातला दाब सोसण्याचं माप, पेट्रोलपेक्षा चांगला. हे सगळं मान्य. पण गाडीमालकासाठी हा महागाईवरचा उपाय म्हणून पुढे केला जातो तेव्हा साधा हिशेब मांडावा लागतो. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, लिटरभर इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच म्हटलं होतं की ई१० (दहा टक्के इथेनॉल) साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के कमी होईल, ई२० साठी जुळवलेल्यांचं एक-दोन टक्के. म्हणजे आपल्या १५ किलोमीटरवाल्या जुन्या गाडीचा खर्च ७ रुपयांवरून ७ रुपये ४० पैशांच्या घरात. लिटरचा भाव मात्र तोच. ऑक्टेनचा फायदा मिळवायचा तर इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवावं लागतं. रस्त्यावरच्या जुन्या इंजिनात ते कोण वाढवणार? तेल कंपन्या इथेनॉल विकत घेतात तेही स्वस्त नाही, मक्यापासूनचं तर २०२४-२५ मध्ये लिटरला ७१ रुपये ८६ पैशांनी घेतलं. ग्राहकाला देण्यासारखी बचत त्यात उरतच नाही. शेतकऱ्यासाठी हे धोरण हवं असेल तर ते शेती धोरण म्हणून उघडपणे मांडावं.

‘इंजिनं खलास होतील’ हीही अतिशयोक्ती आहे. बिघाड होतो तो ठरावीक ठिकाणी. जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या फुगतात, मऊ पडतात. कार्ब्युरेटरची गॅस्केट आणि फ्लोटची सुई अडकते. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो, त्यामुळे बदल झाल्यावर पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये फिल्टर बदलणं शहाणपणाचं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात महिनोन्महिने अर्ध्या टाकीने उभी ठेवलेली दुचाकी सगळ्यांत आधी कुरकुरते. टाकीच्या तळाला पाणी साचून गंज चढतो. नळ्या आणि गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवल्या, टाकी भरलेली ठेवली की बहुतेक प्रश्न सुटतो. खर्च काही हजारांचा आहे. तो कोणी द्यायचा, हा रास्त प्रश्न आहे आणि वादाच्या गदारोळात तोच मागे पडला.

ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये तिथे इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ आली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्या मोटारींपैकी बहुसंख्य इथेनॉलच्या होत्या. मग तेल स्वस्त झालं, साखर महागली आणि १९८९-९० मध्ये पंपांवर इथेनॉल मिळेना. ज्यांच्या गाडीत दुसरं काही चालतच नव्हतं त्यांची गत काय झाली असेल? लोकांचा विश्वास उडाला आणि नव्वदच्या दशकात त्या गाड्या जवळपास कुणी घेईना. तो परत आला २००३ मध्ये, फ्लेक्स-फ्युएल गाड्यांमुळे, ज्यांत कुठलंही मिश्रण चालतं. तिथला चालक आज पंपावर दोन्ही भाव पाहतो आणि इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तरच ते भरतो. निवड मालकाच्या हातात आणि भाव ऊर्जेच्या मापात, या दोन गोष्टींवर ब्राझीलचं इथेनॉल टिकलं. आपण त्यांचं मिश्रण उचललं आणि या दोन गोष्टी तिथेच सोडून आलो. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचं उत्पादन घटणार असं दिसताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले होते. साखर आणि इथेनॉल यांत निवड करायची वेळ आली की साखर जिंकते, हे आपणही पाहिलं आहे. शिवाय उसापासून लिटरभर इथेनॉल मिळवायला नीती आयोगाच्याच आकड्यानुसार २,८६० लिटर पाणी लागतं. ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात तिथल्या उसाबद्दल हा आकडा वाचताना थांबायला होतं.

यंत्रातला फरक खऱ्या अर्थाने देणारे पर्याय दोनच आहेत: विजेची मोटार आणि पक्की हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार असलेली गाडी. शहराच्या गर्दीत पेट्रोल इंजिन इंधनातली जेमतेम पाचवा हिस्सा ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. विजेच्या गाडीत भिंतीवरच्या सॉकेटपासून चाकांपर्यंत तीन चतुर्थांश किंवा अधिक ऊर्जा पोचते आणि ब्रेक लावताना काही परतही मिळते. हा भौतिकशास्त्राचा फरक आहे, अर्थमंत्र्यांचा नव्हे. चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला १५ युनिट लागतात. घरी युनिट १० रुपये धरलं तर किलोमीटरला दीड रुपया. याच गाडीसाठी पेट्रोल आवृत्तीपेक्षा चार लाख जास्त मोजले असतील तर ते ७४ हजार किलोमीटरमध्ये वसूल होतात.

पण रस्त्यावरच्या जलद चार्जरवर युनिट २२ रुपयांना पडलं तर? किलोमीटरला ३ रुपये ३० पैसे. म्हणजे सीएनजीच्या बरोबरीला आलो, आणि वसुलीचं अंतर गेलं लाखाच्या पुढे. इलेक्ट्रिक गाडीचा बहुतेक फायदा घरच्या चार्जिंगमध्ये आहे, हे विक्रेते सांगत नाहीत आणि विरोधकही नाही. म्हणूनच शहरांतला खरा प्रश्न हौसिंग सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडला आहे. तिथे काय करावं लागतं ते तपशिलाने बघण्यासारखं आहे, कारण बरीच भीती अज्ञानातून येते.

गाडीसोबत येणारा छोटा चार्जर १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर चालतो. गिझर पंधरा मिनिटं चालतो. हा चार्जर तेवढाच करंट सलग सहा-आठ तास ओढतो. सॉकेटमधली पकड जराशी सैल असली की तिथे उष्णता साठते, प्लास्टिक आधी पिवळं-तपकिरी होतं, मग वितळतं. यावर उपाय म्हणजे निळा इंडस्ट्रियल सॉकेट, १६ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची आणि सव्वासात किलोवॅटच्या ३२ अँपिअर चार्जरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मीटर रूमपासून अंतर तीस-चाळीस मीटरच्या पुढे असेल तर आणखी एक माप जाड. स्वतंत्र एमसीबी आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. सगळ्यांत जास्त तक्रारी मात्र अर्थिंगच्या असतात. चार्जर स्वतः अर्थिंग तपासतो आणि ते कच्चं असेल तर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो. मालक समजतो गाडी बिघडली. जुन्या इमारतींत अर्थिंगची पट्टी गंजलेली असते, एप्रिल-मेमध्ये अर्थ पिट, म्हणजे जमिनीतला अर्थिंगचा खड्डा, कोरडा पडतो. पट्टी बदलली, पिटात पाणी घातलं की तीच गाडी निमूटपणे चार्ज होते. घरच्याच मीटरवर जोडणी केली तर युनिटं वरच्या टप्प्यात जाऊन बिल फुगू शकतं, तेव्हा वाहन चार्जिंगच्या वर्गवारीतलं वेगळं मीटर स्वस्त पडेल का ते जुनी बिलं समोर ठेवून तपासावं.

‘सगळ्यांनी गाड्या लावल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल’ हा सोसायटीच्या सभेतला ठरलेला आक्षेप. चाळीस गाड्यांनी एकाच वेळी ३.३ किलोवॅट ओढले तर १३२ किलोवॅट होतात, आणि हा आकडा ऐकून सभा संपते. पण रोज ३० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला दिवसाकाठी साडेचारच युनिट लागतात, म्हणजे दीड तासाचं चार्जिंग. चाळीस गाड्यांचे १८० युनिट रात्रीच्या आठ तासांत वाटले तर भार साडेबावीस किलोवॅट. पाळीपाळीने करंट वाटणारी यंत्रणा बाजारात मिळते. या कामाला अनुदान मिळालं तर एका खर्चात चाळीस कुटुंबांचं इंधन पुढची वीस वर्षं स्वस्त होतं. तेच पैसे एखाद्याच्या वीस लाखांच्या गाडीवर सूट म्हणून दिले तर?

इलेक्ट्रिकवरचे दोन आक्षेप सगळ्यांत वजनदार आहेत. पहिला कोळशाचा. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते, मग धूर नुसता चंद्रपूर-कोराडीला हलवला असं नाही का? काही अंशी आहे, आणि ते कबूल केलं पाहिजे. वाहिन्यांतली गळती धरून आजच्या विजेवर किलोमीटरला सुमारे १२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. पंधराचं मायलेज देणारी पेट्रोल गाडी नळकांड्यातूनच १५० ग्रॅमच्या वर सोडते, तेलशुद्धीकरणाचा धूर वेगळा. फरक आज माफक आहे. मात्र पेट्रोल गाडी म्हातारी होताना धूर वाढवत जाते, आणि सौर व पवन वीज वाढेल तशी तीच जुनी इलेक्ट्रिक गाडी स्वच्छ होत जाते.

दुसरा आक्षेप चीनचा. बॅटरीचे सेल बव्हंशी तिथले, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यावर आपल्या वाहन कंपन्यांचं उत्पादन अडखळलं. अरबांच्या तेलातून सुटून चीनच्या चुंबकात अडकणं हे आगीतून फुफाट्यात पडणं नव्हे का? धोका खरा आहे, पण दोन्ही अवलंबनांची जात वेगळी आहे. चुंबक अडले तर नवी गाडी बनत नाही. बनलेली गाडी देशी कोळशावर, पाण्यावर, उन्हावर वर्षानुवर्षं धावत राहते. तेल अडलं तर रस्त्यावरची प्रत्येक गाडी थांबते. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पदूर इथल्या भूमिगत साठ्यांची क्षमता ५३ लाख टनांच्या आसपास, म्हणजे देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडे गाडीवरच्या भट्टीत कोळसा किंवा लाकूड जाळून केलेल्या गॅसवर बस धावल्या. लिटरभर पेट्रोलच्या जागी अडीच-तीन किलो लाकूड जाळावं लागे, चढाला दम निघे, भट्टीतून निसटलेला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरे. पेट्रोल परत येताच त्या भट्ट्या भंगारात गेल्या, कारण यंत्रात काहीच सुधारलं नव्हतं, फक्त नड भागली होती.

हायब्रिडबद्दल थोडक्यात. पक्क्या हायब्रिडची बॅटरी एक-दोन युनिटांहून मोठी नसते, पण ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा पकडून ती शहरात लिटरला २२-२४ किलोमीटर काढून देते. चार्जर नको, सोसायटीची परवानगी नको. ज्याच्याकडे पार्किंगच नाही पण फिरणं खूप आहे त्याच्यासाठी ती योग्य. फक्त ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट’ हायब्रिड म्हणून विकली जाणारी गाडी ही नव्हे. तिथे थोरल्या स्टार्टर मोटारीच्या मदतीपलीकडे फारसं काही नसतं. हायड्रोजन मोटारीसाठी निदान पुढची दहा वर्षं थांबू नये: विजेपासून हायड्रोजन, तो दाबून भरणं, पुन्हा त्याची वीज, या फेऱ्यात मूळ विजेचा एक तृतीयांश भाग चाकाला मिळतो. आणि पाण्यापासून गॅस करून मायलेज वाढवणारी किटं विकत घेऊ नयेत. पाणी फोडायला लागणारी वीज त्याच इंजिनाचा अल्टरनेटर देतो, म्हणजे पेट्रोलच देतं.

महिन्याला चारशे किलोमीटर चालवणाऱ्याने यातलं काहीच घेऊ नये. त्याचे चार लाख वसूल व्हायला पंधरा वर्षं लागतील. चाकांत हवा बरोबर ठेवावी, एअर फिल्टर वेळेवर बदलावा, जुनीच गाडी चालवावी. याउलट दिवसाला दीडशे किलोमीटर फिरणारा टॅक्सीवाला, ज्याचा फायदा सर्वांत मोठा व्हायला हवा, तो आज सीएनजीवरच आहे आणि ते त्याचं बरोबर आहे. त्याची गाडी रात्री रस्त्याकडेला उभी असते. २२ रुपयांच्या चार्जरवर त्याचे किलोमीटरमागे तीसच पैसे वाचतात आणि धंद्याचा तासभर जातो. त्याला घरगुती दराने रात्रभर चार्जिंग देणारे तळ महापालिकेने आणि वीज कंपनीने उभारले, तर तोच हिशेब किलोमीटरला दोन रुपयांच्या बचतीवर जातो. वर्षाला ४५ हजार किलोमीटर धरले तर नव्वद हजार रुपये. एका टॅक्सीमुळे वाचणारं इंधन चार-पाच घरगुती गाड्यांइतकं असतं, मग सवलतीचा पहिला रुपया तिकडे का जाऊ नये?

आता माझीच कसोटी इलेक्ट्रिकला लावतो. पाच टक्के जीएसटी, वाहनकरात माफी, २०२५ च्या राज्य धोरणातून मिळालेली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवरची टोलमाफी, हे सगळे सरकारी फरक आहेत आणि ते जाणार हे धरूनच चाला. तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये राज्याने मांडून मागे घेतला. तो कुठल्या ना कुठल्या रूपात परत येईल. २०२० मध्ये जगभर कच्चं तेल कोसळलं तेव्हा केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क दोन टप्प्यांत तेरा रुपयांनी वाढवलं आणि स्वस्ताई आपल्यापर्यंत पोचलीच नाही. जे सरकार पेट्रोलच्या उत्पन्नावर चालतं ते ते उत्पन्न आटताना गप्प बसणार नाही. २०२५ मध्ये मुंबईत १०४ रुपयांच्या लिटरमध्ये केंद्र आणि राज्य मिळून सुमारे ४५ रुपये कर होता, म्हणजे किलोमीटरला तीन रुपये. उद्या सरकारने हा अख्खा तीन रुपयांचा कर इलेक्ट्रिक गाडीवर किलोमीटरच्या हिशेबाने लावला, तरी घरी चार्ज होणारी गाडी साडेचार रुपयांत धावेल आणि पेट्रोलची सातच रुपयांत.